मांडीवरचा रसिक

कोणत्याही विद्येचा आरंभ करण्यापूर्वी ती कोणासाठी आहे हे सांगून टाकण्याचा प्रघात भारतीय तत्त्वचिंतनात जुना आहे. सदानंदांच्या 'वेदान्तसार' या ग्रंथात शास्त्राच्या आरंभी सांगावयाच्या चार गोष्टींना 'अनुबंध' असे नाव दिले असून, विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्याही आधी त्यांत 'अधिकारी' येतो. अधिकारी म्हणजे ज्याच्या मनाची मशागत त्या विद्येपुरती झालेली आहे असा माणूस. काव्यशास्त्राने हीच अट आपल्या परीने रसिकाला लावली. मग घरातील लहानथोर मिळून कीर्तनाला, नाटकाला किंवा गाण्याच्या बैठकीला जातात, तेव्हा त्यांच्या मांडीवर बसलेले चार-पाच वर्षांचे मूल तेथे कोण असते, असा प्रश्न उभा राहतो. ते रसाचे अधिकारी असते, की घरी एकटे ठेवता येत नाही म्हणून बरोबर आणलेले असते? बालनाट्य आणि बालसाहित्य यांची चर्चा मराठीत बहुधा संस्कार, भाषा आणि मनोरंजन यांच्या अंगाने होते, आणि अधिकाराचा प्रश्न तिच्या बाहेर राहतो. मुलांसमोर काय मांडावे आणि ते पाहून झाल्यावर त्यांच्याकडून कशाची अपेक्षा धरावी, या दोन्ही गोष्टी मात्र त्याच्याच उत्तरावर ठरतात.

नाट्याच्या उत्पत्तीची जी कथा भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्याच अध्यायात येते, ती या संदर्भात मोलाची आहे. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि डोळ्यांना दिसेल व कानांना ऐकू येईल असे एक 'क्रीडनीयक', म्हणजे सरळ मराठीत खेळणे, मागतात. ज्यांना वेद ऐकण्याची मुभा नाही अशांसह सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण करावा, अशी त्यांची विनंती असते. त्यावर ब्रह्मदेव ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद सिद्ध करतात. कलेच्या जन्मकथेतच ती खेळणे आहे आणि अधिकाराची कुंपणे ओलांडण्यासाठी आली आहे, असे इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे वचन सापडणे कठीण. मात्र त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, कोणत्या प्रेक्षकाला काय रुचते हे सांगताना, तरुणांना शृंगार, विरक्तांना मोक्षाची कथा, वृद्धांना धर्माख्याने आणि पुराणे अशी वाटणी होते, आणि बालकांना मूर्खांच्या व स्त्रियांच्या पंक्तीला बसवून त्यांच्या वाट्याला हास्य आणि नेपथ्य, म्हणजे वेषभूषा व रंगभूषा, एवढेच ठेवले जाते. ही पंक्ती त्या काळाची आहे आणि आज ती कोणी मान्य करू नये. मुलांना वेष आणि रंग ओढून घेतात, एवढे निरीक्षण मात्र खरे आहे. ती तेथेच थांबतात का, हा पुढचा प्रश्न आहे.

दहाव्या-अकराव्या शतकांत काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी रसिकाची जी व्याख्या केली, तिने हा दरवाजा आणखी लोटला गेला. काव्याच्या सतत परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि त्यामुळे वर्ण्य विषयाशी जो तन्मय होऊ शकतो, तो त्यांच्या मते 'सहृदय'. आरसा घासायला वर्षे लागतात आणि मुलाजवळ तर वर्षेच नसतात. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथांनी 'साहित्यदर्पणा'त 'वत्सल' हा स्वतंत्र रस मानला, परंतु त्यातही मूल येते ते 'आलंबन विभाव' म्हणून, म्हणजे ज्याच्याकडे पाहून मोठ्यांच्या मनात वात्सल्य दाटते असा विषय म्हणून. आपल्या काव्यशास्त्राने मुलाकडे डोळे भरून पाहिले, पण समोरच्या खेळाकडे मूल कसे पाहते, हे पाहण्यासाठी ते मुलाच्या शेजारी बसले नाही. एवढ्या सूक्ष्म आणि समृद्ध परंपरेत ही उणीव राहावी, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

तरीही उत्तराची सामग्री अभिनवगुप्तांच्याच विवेचनात आहे. कोणताही प्राणी वासनांपासून, म्हणजे रती, भय, शोक, उत्साह अशा भावनांच्या जन्मजात संस्कारांपासून, मोकळा नसतो, असे ते स्पष्टपणे मांडतात. तेव्हा रसाचे बीज मुलाच्या ठायी असतेच. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्नेही त्यांनी सांगितली आहेत. त्यांतले पहिले विघ्न असे की, समोर दाखवले जाते ते संभवनीयच न वाटल्यामुळे प्रेक्षकाचे मन त्यात शिरत नाही. या विघ्नाचा मुलाला स्पर्शही होत नाही, कारण राक्षस कसा असेल आणि चेटकीण झाडूवर बसून कशी उडेल, असे ते विचारत नाही. अडचण येते ती पुढच्या विघ्नांची. समोरचे सुखदुःख माझे, शत्रूचे किंवा त्रयस्थाचे अशा नात्यांतून सुटून सर्वांचे होणे, याला भट्टनायकांपासून 'साधारणीकरण' म्हणतात आणि रसाची सारी इमारत त्यावर उभी आहे. जे मूल राक्षसाला पाहून खरोखरच घाबरते, त्याचे भय हे रोजच्या व्यवहारातले भय आहे, भयानक रस नव्हे, असा आक्षेप येथे घेता येतो आणि तो वजनदार आहे.

या आक्षेपाची परीक्षा शास्त्रग्रंथांपेक्षा सिंधुदुर्गातील एखाद्या देवळाच्या आवारात अधिक चांगली होते. तेथील वार्षिक जत्रेत देवाच्या पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर रात्री उशिरा दशावतार सुरू होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुर यांचा 'आडदशावतार' नावाचा पूर्वभाग झाला की एखादे पौराणिक आख्यान उभे राहते. त्याचे संवाद लिहिलेले नसतात, नट ते त्या त्या वेळी रचतात, आणि सिंहासन म्हणून बहुधा एक साधे लाकडी बाकडे असते. पेटी, मृदंग आणि झांजा यांचा गजर वाढतो आणि आरोळी ठोकत राक्षस येतो. आईच्या मांडीवरचे मूल त्या क्षणी पदरात तोंड खुपसते. थोड्या वेळाने पदराची कड हलते, एक डोळा बाहेर येतो, राक्षस तलवार उगारतो, डोळा आत जातो, आणि लगेच पुन्हा बाहेर येतो. खेळापूर्वी हाच नट आरशासमोर बसून तोंडाला रंग लावत असलेला त्या मुलाने कदाचित पाहिलेलाही असतो, आणि तरीही ते घाबरते.

भय निव्वळ व्यवहारातले असते, तर मूल पळाले असते किंवा पदरातून बाहेर आलेच नसते. खऱ्या सापाकडे कोणी पदराआडून पुन्हा पुन्हा पाहत नाही. घाबरायचे आहे आणि पाहायचेही आहे, या दोन इच्छा एकाच वेळी जेथे नांदतात तेथे भयाची चव घेतली जात असते, आणि रस या शब्दाचा एक अर्थ चव हाच आहे. मोठ्या प्रेक्षकाला जे अंतर वाचनाने आणि व्यासंगाने मिळते, ते मुलाला पदराच्या जाडीएवढ्या अंतराने मिळते. आईचा श्वास चढलेला नाही, शेजारचे आजोबा हसत आहेत, एवढे त्याला अंगाला अंग लागून कळते, आणि म्हणून समोरचा राक्षस आपल्याला खायला आलेला नाही, हेही कळते. काव्यशास्त्रात प्रेक्षकाला 'सामाजिक' म्हणतात, आणि सगळ्या सामाजिकांची प्रतीती एकजीव झाल्याने रस अधिक पुष्ट होतो, असे अभिनवगुप्तांचेच मत आहे. मांडी हा त्या समाजाचा सर्वांत लहान घटक मानला, तर मुलाचा अधिकार त्याच्या एकट्याच्या मनात शोधण्याची गरज उरत नाही. तो दोघांचा मिळून असतो. मम्मटांच्या 'काव्यप्रकाशा'त उपदेशाचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत: वेदांचा स्वामीसारखा, पुराणांचा मित्रासारखा आणि काव्याचा प्रिय पत्नीसारखा. या यादीत आई नाही. ती असती, तर मांडीवरच्या रसिकालाही त्या शास्त्रात जागा मिळाली असती.

भक्तिपरंपरेने ही जागा शास्त्राची वाट न पाहता दिली. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद आपल्या सवंगड्यांना सांगतो की, नारदांनी कयाधूला केलेला उपदेश त्याने तिच्या पोटात असताना ऐकला. पुढे काळाच्या ओघात आई तो विसरली, पण मुलाच्या तो ध्यानात राहिला. ऐकणे हे समजण्याच्या आधी येते आणि समजण्यापेक्षा अधिक टिकते, हा विचार या कथेत आहे. नारदीय कीर्तनाची रचनाही याच जाणिवेची साक्ष देते. पूर्वरंगात एखाद्या पदावर तत्त्वनिरूपण चालते आणि उत्तररंगात त्याच सिद्धान्ताला धरून आख्यान लागते. पूर्वरंगात आजोबा माना डोलावतात आणि नातू त्यांच्या मांडीवर झोपी जातो. उत्तररंगात बुवांच्या आवाजाची पट्टी बदलली, झांज कडाडली की नातू उठून बसतो. एकाच संध्याकाळी, एकाच सतरंजीवर दोन वयांची सोय होते, आणि दोघांपैकी कोणालाही बाहेर बसावे लागत नाही. रामनवमीच्या कीर्तनात तर दुपारी बारा वाजता निरूपण थांबते, फुले आणि गुलाल उधळला जातो, पाळण्याची दोरी ओढली जाते, सगळी सभा अंगाईच्या चालीवर पाळणा म्हणते आणि हातावर सुंठवडा पडतो. ज्या सभेत देवच तान्हे बाळ आहे, तेथे बाळाला अधिकार आहे का हा प्रश्न विचारायला कोणी धजत नाही.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळाली आहेत. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये असे मांडले की, लय आणि सुसंवाद बुद्धीच्या आधी आत्म्यात खोल उतरतात, आणि मागाहून बुद्धी आली की जुन्या ओळखीच्या माणसासारखे तिचे स्वागत होते. आणि म्हणूनच मुलांच्या कानावर पडणाऱ्या कथांवर त्याला कडक पहारा हवा होता. रूसोने 1762 साली प्रसिद्ध झालेल्या 'एमिल'मध्ये ला फोंतेनची कावळा-कोल्ह्याची कथा ओळीओळीने तपासली आणि मुलाला ती समजत नाही, उलट फसणाऱ्या कावळ्यापेक्षा फसवणारा कोल्हाच त्याला आवडतो, असा निष्कर्ष काढला. प्लेटोचे पहिले म्हणणे प्रल्हादाच्या कथेच्या अगदी जवळचे आहे. रूसोची भीतीही खोटी नाही. पण ती कथेपेक्षा कथेच्या शेपटाला, म्हणजे बोधाला, अधिक लागू पडते.

मराठी घरांत आणि शाळांत हे शेपूट 'तात्पर्य' या नावाने ओळखले जाते. गोष्ट संपते, खाली 'तात्पर्य' असे लिहून एक वाक्य येते आणि मुलाने ते पाठ करायचे असते. मीमांसा आणि वेदान्त यांत मात्र तात्पर्य हा फार जबाबदारीचा शब्द आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याची सहा गमके सांगितली आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती, म्हणजे आरंभ आणि शेवट यांचा मेळ, एकाच गोष्टीची पुनरुक्ती, तिचे नवेपण, तिचे फळ, तिची स्तुती आणि तिची युक्तिसंगती, एवढे सगळे पाहिल्यावर तात्पर्य हाती येते. त्यांतल्या 'अभ्यास' या गमकाशी मूल मोठ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक असते. तीच गोष्ट, त्याच शब्दांत, रोज रात्री सांगा असा त्याचा हट्ट असतो, आणि एखादा शब्द बदलला तर ते सांगणाऱ्याला थांबवून दुरुस्त करते. मनाचा आरसा घासणारे परिशीलन ते हेच. सहृदयाची जी अट मुलाला बाहेर ठेवते असे वाटत होते, ती मूल आपल्या वयाच्या रीतीने, कोणी न सांगता, पुरी करत असते. त्याला हवा असतो तो न कंटाळता पुन्हा सांगणारा माणूस.

असे 'पुन्हा' मुलांच्या रंगभूमीवरही घडते. सुधा करमरकर यांनी 1959 साली रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' हे बालनाट्य रंगभूमीवर आणले आणि मुलांसाठी मोठ्या रंगमंचावर, मोठ्या नटांनी, पूर्ण गांभीर्याने नाटक करावे ही दृष्टी मराठीत रुजवली. मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' 2018 साली पुन्हा रंगमंचावर आले; अशा पुनरागमनाचा खरा लाभ हा की, लहानपणी त्यातल्या चेटकिणीला घाबरलेला प्रेक्षक आता बाप होऊन आपल्या मुलाशेजारी बसू शकतो आणि तिला पुन्हा थोडासा घाबरूही शकतो. मुलांना सभागृहात सोडून बाहेर चहा पीत उभे राहणारे पालक या लाभाला मुकतात, आणि त्यांच्याबरोबर मूलही मुकते, कारण त्याच्या हाताशी पदर उरत नाही. खेळ संपताच जिन्यातच 'काय शिकलास?' असे विचारणे हे तर त्या मुलाच्या तोंडातला घास बाहेर काढून पाहण्यासारखे आहे.

म्हणून बालनाट्य, कथाकथन आणि मुलांच्या संगीतसभा भरवणाऱ्यांनी मोठ्यांची जागा मुलांच्या शेजारीच ठेवावी, आवडलेला खेळ मुलांना दुसऱ्यांदा पाहता येईल अशी सोय करावी आणि मध्येच झोपी गेलेल्या मुलाकडे अपयश म्हणून पाहू नये. आईबापांनीही घरी परतताना थोडे गप्प बसावे आणि पहिला प्रश्न मुलाला विचारू द्यावा.