किनाऱ्यावरील घोट

लग्नाचा वाढदिवस साजरा करावयास मुकुंदवाडीचे एखादे दांपत्य गोव्याच्या किनाऱ्यावर जाते, तेथे वाइनची चव घेते, आणि परतल्यावर घरच्यांपुढे केवळ समुद्राचे वर्णन करते. हे मौन असत्य होय काय? कायदा येथे आमच्या उपयोगी पडत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात मद्यपानास परवाना लागतो, गोव्यात लागत नाही; पण हद्द ओलांडल्याने सदसद्विवेक बदलत नाही. मद्याचाच विटाळ म्हणावा, तर वैद्याचे द्राक्षासव त्याच घरातील फडताळात उघड उभे असते, आणि त्यातही आंबल्याने उपजलेले मद्य असतेच! वडीलधाऱ्यांचे मन दुखवू नये म्हणून न बोलणे आम्हांस क्षम्य वाटते. परंतु त्यांनी सरळ विचारले असता जो मुलगा ‘नाही’ म्हणतो, तो त्यांना जपत नाही, स्वतःस जपतो. सुनेची गोष्ट मात्र निराळी. मुलाचा घोट घरात हसण्यावारी जातो. तिच्या घोटाची वार्ता माहेरपर्यंत पोहोचते. तिने ‘नाही’ म्हटले, तर तिला खोटारडी ठरविण्यापूर्वी, विचारणाराने तोच प्रश्न मुलास त्याच स्वरात विचारला होता काय, हे आम्ही प्रथम पाहू.