पोरानं माफ केलं नाही तर?

"पाळकसाहेब, देवानं मला माफ केलं असेल. पण पोरानं?"

कोल्हापुरात राजारामपुरीत, जनता बझारच्या चौकात चहा पिताना शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्री कामगारानं हे विचारलं. मुलगा नववीत. प्रगतिपुस्तकावरच्या सगळ्या सह्या आईच्या. बाप दुसऱ्या पाळीहून येतो तेव्हा पोरगं झोपलेलं असतं. जागं सापडलं तर खेकसणं ठरलेलं.

निवृत्त पाळकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव काढलं. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायको-मुलगा दुरावले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. मधली बरीच वर्षं लहानगा दत्तू आईजवळच वाढला. पुढे त्याच मुलानं वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहायला लावल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' झाली.

"बाप चुकला तरी देवाचं काम थांबत नाही, बघ."

"त्या वर्षांत पोराला कुणी सांभाळलं? लक्ष्मीबाईंनी. आणि चरित्र लिहायला घेतलं म्हणजे माफ केलं, असं कुठंय? असल्या गोष्टींनी बापाला बरं वाटतं. पोराला काय मिळतं?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. वडिलांना धीर देताना उधळ्या पुत्राचा दाखला हटकून येतो, पण त्यात चुकलेला असतो मुलगा. चुकलेल्या बापांचीही पवित्र शास्त्रात वाण नाही. एलीनं आपल्या मुलांना आवरलं नाही. दावीद आपल्या मुलासाठी, अबशालोमसाठी रडला, तो अबशालोम मेल्यावर. दोघांनाही गेलेला वेळ परत मिळाला नाही.

पाळक बराच वेळ तिथंच अडले. मग म्हणाले, "तुला पोरासमोर जायची लाज वाटते. लाजलेला बाप एक तर तोंड चुकवतो, नाहीतर ओरडतो. देवानं माफ केलंय यावर विश्वास असला की पोराला 'माझं चुकलं' म्हणता येतं. तो 'असू दे' म्हणाला नाही, तरी दुसऱ्या दिवशी परत त्याच्याजवळ बसता येतं."

बापांना धीर द्यायचा तो एवढ्यासाठीच. नुसतं हलकं वाटावं म्हणून दिलेला धीर पोराच्या काहीच कामाचा नसतो.

"बसायला वेळ कुठाय? ओव्हरटाइम सोडला तर क्लासची फी कोण भरणार?"

याला पाळकांकडे उत्तर नव्हतं. दाखल्यातल्या बापाकडे शेत होतं, राबायला गडी होते. "हे मंडळीपुढं मांडायला हवं," ते म्हणाले. "या आठवड्यात पाळी कुठली?"

"पहिली. तीनला सुटतो. पण डबल लावली तर नाही म्हणता येत नाही."