सुटलेली गाठ

“रात्रभर पुरचुंडी तुमच्याकडंच होती ना, बाई?”

हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी एका परक्या अंगणात बसले होते. हातात त्यांनीच दिलेला पाण्याचा तांब्या होता, अजून घोटही घेतला नव्हता. २०१८ सालचा मे महिना. अंगणात मांडवासाठी आणलेले बांबू पडले होते आणि ओसरीवर बायका तांदूळ निवडत होत्या. प्रश्न आला तसे त्यांचे हात थांबले.

आदल्या संध्याकाळी मी पेणहून एसटीनं अलिबागला येत होते. पोयनाडला निम्मी गाडी रिकामी झाली. अलिबाग आल्यावर उठले, तर शेजारच्या सीटच्या आणि पत्र्याच्या फटीत निळ्या चौकड्यांच्या रुमालाची पुरचुंडी अडकलेली दिसली. स्टँडच्या दिव्याखाली उघडली. आत चौदा हजार पाचशे रुपये आणि डॉक्टरांची एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर म्हाताऱ्या बाईचं नाव होतं, आणि पोयनाडजवळचं गाव. डेपोत द्यायला हवी होती, हे नंतर मला पुष्कळांनी सांगितलं. तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की म्हातारं माणूस आहे, ओळख पटवायला चार खेटे घालत बसेल. गाव ठाऊक झालंय, तर सकाळी आपणच नेऊन द्यावी.

म्हातारीनं नोटा कपाळाला लावल्या. मग तिची बोटं रुमालात पुन्हा पुन्हा काहीतरी चाचपू लागली. “आणि दुसरी?” ती म्हणाली. तिच्या सांगण्याप्रमाणे पुरचुंड्या दोन होत्या, एकीच्या टोकाला दुसरी बांधलेली. दुसरीत नातीसाठी करून आणलेलं डोरलं होतं.

मी म्हटलं, “मला एकच सापडली. घ्यायचंच असतं तर चौदा हजार आणून कशाला दिले असते?” तिच्या मुलानं शांतपणे तो रात्रीचा प्रश्न विचारला. मग कुणीतरी म्हणालं, देवळात चला, देवासमोर सांगा. दुसरं कुणी म्हणालं, बाई इस्रायली आहेत, त्यांचा देव वेगळा. त्यावर मुलगा म्हणाला, “मग तुमच्या देवाची शपथ घ्या.”

मी म्हटलं, “घेते.”

एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. आईशप्पथ, गळ्याशपथ, विद्येशपथ यांचा दिवसभर पाऊस पडायचा माझ्या वर्गात, आणि मी मुलांना सांगायची की खऱ्याला शपथ लागत नाही. त्या दिवशी मात्र मला शपथ हवी होती. साधीसुधी नव्हे. आम्ही कोकणातले ज्यू, इथं आम्हाला इस्रायली म्हणतात. आमच्या सिनेगॉगमधला सेफर तोरा, म्हणजे तोराची चर्मपत्राची गुंडाळी, दोन्ही हातांत घेऊन मला सांगायचं होतं की दुसरी पुरचुंडी मी पाहिलीसुद्धा नाही. मुलगा आणि सून इस्रायलात अश्दोदला असतात. लागलंच तर त्यांच्या डोक्याची शपथ घ्यायचीही माझी तयारी होती. हे आठवलं की आजही मला भीती वाटते.

अलिबागच्या इस्रायल आळीत आमचं मागेन आबोथ सिनेगॉग आहे. शुक्रवारी शब्बाथची प्रार्थना संपल्यावर मी आमच्या जुन्या हझानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या काकांना, गाठलं. काका तेव्हा ऐंशीच्या घरात होते. सगळं सांगून म्हटलं, “काका, रविवारी त्या लोकांना बोलावते. तुम्ही सेफर बाहेर काढा.”

ते म्हणाले, “नाही काढणार.”

मला वाटलं, यांनाही संशय आला. ते पुढं म्हणाले, “अगं, तू खोटी आहेस म्हणून नव्हे. सापडलेली वस्तू परत करणाऱ्यानं शपथ घ्यायची नाही, असा आपल्यात नियम आहे. फार जुना.”

मी रागातच घरी आले. पुढचे दोन महिने मात्र त्यांनी दिलेली पुस्तकं घेऊन बसत होते. जे समजलं ते असं.

तोरामध्ये, अनुवादाच्या पुस्तकात, हरवलेल्या वस्तूबद्दल स्पष्ट आज्ञा आहे. भावाचा बैल किंवा मेंढरू भटकताना दिसलं तर ते नेऊन पोहोचवायचं, कपडा सापडला तरी तेच, आणि दिसूनही न दिसल्यासारखं करायचं नाही. निर्गमाच्या पुस्तकात तर शत्रूच्या बैलाबद्दलही हेच सांगितलं आहे. म्हणजे परत करणं हा मोठेपणा नाही, ते कर्तव्य आहे. साधारण इसवी सन २००च्या सुमाराला रब्बी यहूदा हनासींनी मिश्ना, म्हणजे आमच्या धर्मनियमांचा संग्रह, संकलित केली. तिच्यात हे कर्तव्य कसं पार पाडायचं याचा बारीक विचार आहे. कुठल्या वस्तूची दवंडी द्यायची, मालकानं खूण काय सांगायची, किती दिवस वाट पाहायची, सगळं त्यात आहे. जेरुसलेममध्ये यासाठी एक दगडच ठरलेला होता, असं तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, सांगतो. ज्याचं हरवलं तो तिथं यायचा आणि ज्याला सापडलं तोही तिथंच यायचा.

आता माझी गोष्ट. त्या जुन्या कायद्यात एकानं शंभर मागितले आणि दुसऱ्यानं पन्नास कबूल केले, तर पन्नास देऊन उरलेल्या पन्नासांसाठी त्याला शपथ घ्यावी लागे. सगळंच नाकबूल करणाऱ्यावर तोराच्या मूळ नियमानं ही शपथ येत नसे. हा नियम वस्तू परत करणाऱ्याला लावून पाहा. पुरचुंडी घरात दडवून जो गप्प बसला, त्याला कुणी काही विचारणार नाही. जो ती घेऊन मालकाच्या दारात गेला, तो मात्र अर्ध्याची कबुली देणारा ठरला, आणि आता उरलेल्या अर्ध्यासाठी देवाचं नाव तोंडात घेऊन उभा राहा म्हणून त्याला सांगायचं. मी त्या अंगणात अशीच उभी होते. पुरचुंडी खाडीत फेकून दिली असती तर घरी निवांत झोपले असते.

मिश्नाच्या गित्तीन या भागात यावर एकच छोटं वाक्य आहे. वस्तू सापडलेल्यानं शपथ घ्यायची नाही, आणि याचं कारण तिक्कून ओलाम, म्हणजे जगाची घडी नीट बसावी म्हणून. हा माणूस खरा आहे म्हणून, असं कारण तिथं दिलेलं नाही. त्याच ओघात आणखी नियम आहेत. कैद्याला सोडवताना त्याच्या मोलापेक्षा जास्त खंडणी द्यायची नाही, नाहीतर पळवून नेणाऱ्यांची चटक वाढेल. सातव्या वर्षी कर्जं माफ होतात म्हणून लोक गरिबाला उसने देईनासे झाले, तेव्हा हिल्लेल या जुन्या धर्मपंडितानं घालून दिलेली व्यवस्थाही त्यातच येते. या सगळ्या नियमांत नजर पुढच्या माणसावर आहे. समोर उभ्या असलेल्या दोघांचा न्याय करताना, अजून जो आलेलाच नाही त्याचं काय होईल, हे त्यांनी पाहिलं.

बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू धर्मपंडितानं ते उघड करून सांगितलं. शपथ घ्यायला लावाल, तर शपथ टाळण्यासाठी माणूस सापडलेली वस्तू तिथंच टाकून निघून जाईल.

आणि एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. तालमूदमधल्या चर्चेत रब्बी इत्झाक नेमका माझाच प्रसंग घेतात. मालक म्हणतो, एकमेकींना बांधलेल्या दोन थैल्या तुला सापडल्या. सापडलेला म्हणतो, एकच. रब्बी इत्झाक म्हणतात, बांधलेल्या थैल्या आपोआप सुटत नाहीत, त्यामुळं यानं शपथ घ्यावी. बांधलेले दोन बैल असतील तर गोष्ट निराळी, बैल ओढाताण करून सुटू शकतात. म्हणजे त्यांच्या मतानं मी शपथेला बांधलेलीच होते. पण मैमोनिदेसनं निवाडा उलट दिला. थैल्या बांधलेल्या होत्या असं मालक म्हणत असला, तरीसुद्धा शपथ नाही.

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अंगणात म्हातारीनं तो रुमाल पसरला तेव्हा मी तो जवळून पाहिला. तीन कोपरे सपाट होते. चौथा चुरगळलेला होता, पीळ पडलेला, जणू बराच काळ तिथं घट्ट गाठ होती आणि ती नुकतीच सुटली. तो कोपरा मी पाहिला तसा तिच्या मुलानंही पाहिला. मी स्टँडवर जी गाठ सोडली ती मधली होती. चौथ्या कोपऱ्याची गाठ कुणी सोडली, कधी सोडली, हे मला माहीत नाही. गाडीत सुटली असेल, सोनाराच्या दुकानात सुटली असेल, आणखी कुणाचा हात लागला असेल. पण दुसरी पुरचुंडी होती, असं मला आज वाटतं. ती म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते आणि माझ्या नातीचं डोरलं गेलं असतं, तर जिच्याकडं रुमाल रात्रभर होता तिच्याकडंच मीही पाहिलं असतं.

लहानपणी आमच्याकडं मराठीतून कीर्तनं होत. आमच्या समाजात ती परंपराच आहे. योसेफाचं आख्यान लागलं की मी जागी राहायचे. योसेफाचे भाऊ मिसरातून धान्य घेऊन घरी येतात आणि गोण्या उघडतात, तर किंमत म्हणून दिलेला पैसा गोणीच्या तोंडाशी परत आलेला. पुढच्या खेपेला ते तो पैसा परत घेऊन जातात. तरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो, योसेफाचा चांदीचा प्याला तुम्ही चोरलात म्हणून. ते कळवळून सांगतात, गोण्यांत सापडलेला पैसा आम्ही कनान देशातून परत आणला, तर तुमच्या धन्याच्या घरचं चांदी-सोनं आम्ही का चोरू? आणि प्याला बन्यामीनच्या गोणीत निघतो. तो तिथं ठेवलेला होता हे आम्हा ऐकणाऱ्यांना माहीत असायचं, भावांना माहीत नसायचं.

त्या भावांचा युक्तिवाद मी त्या अंगणात शब्दशः केला होता. एवढं परत केलं, मग तेवढं कशाला ठेवीन? आता कळतं की त्यानं काहीच सिद्ध होत नाही. थोडं परत करून जास्त ठेवणारा चोरही हेच म्हणेल. खरेपणा आतून लख्ख दिसतो, बाहेरून तो दिसायला दारच नसतं. म्हणून तर मला शपथ हवी होती. मला वाटत होतं, शपथ हे ते दार आहे.

काकांनी मला जे रोखलं ते इथंच. मी शपथ घेतली असती तर कदाचित माझं नाव धुऊन निघालं असतं. पण ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या त्या आठ-दहा बायका होत्या, दाराशी उभी असलेली पोरं होती. परक्याची वस्तू परत नेली की देवासमोर उभं राहावं लागतं, हे त्यांनी पाहिलं असतं. पुढच्या पुरचुंडीची किंमत मी त्या दिवशी ठरवून गेले असते. निर्दोष माणसानं आपला निर्दोषपणा सिद्ध करायला धावू नये, ही गोष्ट कठीण आहे. मला अजूनही रोज सोपी वाटत नाही. पण ती खरी आहे असं मी मानते.

मग माझ्या नावाचं काय? पोयनाडच्या बाजारात ती गोष्ट फिरली. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईनं मला पाहून रस्ता बदलला. नियमानं शपथेतून सोडवलं, संशयातून नाही सोडवलं.

याचं उत्तर मला मलिद्याच्या दिवशी मिळालं. गोड पोहे, नारळ, फळं तबकात मांडून आम्ही एलिया हन्नाबींची, म्हणजे एलिया संदेष्ट्यांची, आठवण करतो. लग्नाआधी करतो, नवस फेडताना करतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. एलिया तिथून रथातून गेले, अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे, घोड्यांच्या टापांच्या खुणाही दाखवतात. मिश्नामध्येही एलिया येतात. एखादा दस्तऐवज सापडला आणि त्याचं काय करायचं हे कळेना, तर तो एलिया येईपर्यंत तसाच ठेवायचा. दोघांनी एकाच माणसाकडं ठेव ठेवली, एकानं शंभर आणि दुसऱ्यानं दोनशे, आणि आता दोघंही दोनशे माझे म्हणतात, तर प्रत्येकाला शंभर द्यायचे आणि उरलेले एलिया येईपर्यंत ठेवून द्यायचे. ज्याचा निकाल माणसाला लावता येत नाही, तो ओढूनताणून लावायचा नाही. लहानपणापासून मी एलियांकडं बरकत मागत आले. ते वादही मिटवायला येणार आहेत, हे मला साठीनंतर कळलं. तबकासमोर बसले असताना मी ते डोरलं आणि माझं नाव, दोन्ही त्यांच्या स्वाधीन केलं.

२०२२च्या ऑगस्टात, भर पावसात, बाजारातल्या पायऱ्यांवर मला एक लाल पाकीट दिसलं. मी पाहिलं आणि पुढं चालू लागले. दहा पावलं गेले. चांगली आठवतात ती दहा पावलं. हातात छत्री होती, पिशवीत पालेभाजी होती आणि मनात ते अंगण होतं. ज्याला ते रब्बी घाबरत होते तो माणूस मीच होते. वस्तू तिथंच टाकून निघून जाणारी.

अकराव्या पावलाला वळले. पाकिटात कॉलेजचं ओळखपत्र होतं. शेजारच्या कोथिंबीरवालीच्या समोर ते उघडलं, तिच्याच फोनवरून निरोप पाठवला आणि तिथंच उभी राहिले. अर्ध्या तासानं मुलगी भिजत, धापा टाकत आली. पाकीट घेतलं आणि माझ्यासमोरच नोटा मोजू लागली. मोजता मोजता एकदम ओशाळून थांबली.

मी म्हटलं, “मोज बाळ. नीट मोज.”

तिची शेवटची नोट मोजून होईपर्यंत मी छत्री तिच्या डोक्यावर धरून उभी होते.