राग गिळणे आणि राग निवणे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या बेळगाव-निपाणी भागातील मंडळ्यांत लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. घरात कोणी तापट असला तर घरचे तीच म्हणून गप्प बसतात, आणि तापट माणूसही तिचाच आडोसा घेतो. उलट ज्याच्या चेहऱ्यावर राग कधी दिसत नाही त्याला आपण देवमाणूस म्हणतो. ह्या दोन्ही समजुती खऱ्या आहेत काय? प्रश्न केवळ मानसशास्त्राचा नाही, नीतीचाही आहे. स्वभाव बदलतच नसेल तर कोणाला दोष तरी कसा द्यावा? आणि राग न दिसणे हाच सद्गुण असेल, तर शांती आणि ढोंग यांत भेद कसा करावा?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ग्रॉस यांनी, माणूस आपल्या भावना कशा आवरतो, ह्याच विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. १९९३ मध्ये त्यांनी व रॉबर्ट लेव्हन्सन यांनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेची, किळस यावी अशी चित्रफीत दाखवली. काहींना ती नुसती पाहण्यास सांगितले, तर काहींना मनातले काहीही चेहऱ्यावर दिसू देऊ नका असे बजावले. ह्या दुसऱ्या गटाने चेहरे बऱ्याच अंशी कोरे ठेवले. परंतु त्यांची किळस तसूभरही कमी झाली नाही. तळहाताचा घाम, रक्तवाहिन्यांचे आकुंचन ह्या ताणाच्या खुणा मात्र वाढल्या.

१९९८ मध्ये ग्रॉस यांनी आणखी एक वाट तपासली. काही जणांना त्यांनी तीच जातीची चित्रफीत अलिप्त नजरेने पाहण्यास सांगितले. ह्यांची किळस खरोखरच कमी झाली, आणि चेहरा दाबून धरणाऱ्यांसारखा ताण वाढला नाही. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबून धरणे वेगळे आणि चुलीतले लाकूड मागे ओढणे वेगळे, हे आपल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही.

पुढे २००३ मध्ये ग्रॉस आणि व्यक्तिमत्त्वाचे अभ्यासक ऑलिव्हर जॉन यांनी दहा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावना झाकण्याची ज्यांना सवय असते त्यांच्या वाट्याला आनंद व जवळची नाती कमी आढळली. प्रसंगाचा अर्थ नव्याने लावण्याची सवय असलेल्यांचे चित्र उलट होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात अनोळखी स्त्रियांना जोडीजोडीने बोलायला बसवले होते. एकीने भावना लपवल्या की दुसरीचाही रक्तदाब अधिक वाढे. म्हणजे गिळलेला राग एकाच्याच पोटात राहत नाही.

मात्र अमेरिकेचे माप चिकोडीच्या घराला जसेच्या तसे लावू नये. २००७ मधील अभ्यासात असे दिसले की, आशियाई मूल्ये मानणाऱ्या स्त्रियांमध्ये भावना आवरण्याचे दुष्परिणाम कमी होते. वडीलधाऱ्यांपुढे आवाज न चढवणारी सून ढोंगी ठरत नाही. मर्यादा पाळणे आणि मन मारणे ह्यांतले अंतर तिचे तिलाच ठाऊक असते.

आता म्हणीकडे वळू. स्वभावातील फरकांचा बराच वाटा जन्मजात असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांवरून कळते. परंतु २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा, मानसोपचाराने काही महिन्यांतही स्वभावात बदल होतो, विशेषतः मनाची अस्थिरता कमी होते, असे आढळले. आपल्याकडे मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती रुजवली. तिचाही भर घटनेपेक्षा घटनेविषयीच्या आपल्या समजुतींवर आहे. तेव्हा औषध आहे, फक्त ते रोज घ्यावे लागते. प्रकृती आपण निवडलेली नसते. तिची मशागत मात्र आपल्या हाती असते.

येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. ‘अर्थ बदलून पाहा’ हा उपदेश बलवानाने दुर्बळास केला तर तो अन्याय होतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी तुटपुंजी मजुरी व अपमान सोसला. पुढे त्या संघटित झाल्या, आणि त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ ह्या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये माहितीपट काढला. त्यांना कोणी ‘राग आवरा, शांत राहा’ असे सांगितले असते तर तो शांतीचा उपदेश ठरला नसता. तो राग खऱ्या दुखण्याची खबर होता. त्यांनी तो गिळला नाही, आणि वाटेल तसा ओकलाही नाही. मागणीच्या रूपाने मांडला. मंदिरातील व्यापाऱ्यांची चौरंगे उलथणारा आणि लाजराच्या कबरेपाशी अश्रू न लपवणारा प्रभू आपण मानतो, तेव्हा आपल्याला हे परके वाटू नये.

मग राग आला असता काय करावे? आमच्या मते आधी दोन गोष्टी विचाराव्यात. हा राग माझ्या मानासाठी आहे की कोणाच्या दुखापतीसाठी? आणि मी ह्या प्रसंगाचा जो अर्थ लावला तो खरा आहे काय? मान दुखावला असेल तर लाकूड मागे ओढावे. अन्याय घडला असेल तर योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत तो बोलून दाखवावा. आपल्या सीमाभागात भाषेवरून मने चटकन पेटतात. मराठी आणि कन्नड घरे एकाच उपासनेला बसतात, तेथे ह्या दोन प्रश्नांची गरज फार आहे.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांना आमची एक विनंती. मूल चिडले की ‘चांगली मुले रागावत नाहीत’ असे म्हणू नका. त्याने ते ऐकले तर ते चेहरा झाकायला शिकेल, एवढेच. त्याला जवळ बसवा, काय झाले ते विचारा, आणि ज्याच्यावर राग आहे त्याची बाजू काय असेल तेही त्यालाच सांगू द्या. वेळ थोडा अधिक जाईल. त्या दिवशी पाठातील एखादे वचन मागे राहिले तरी हरकत नाही.