बाह्य बल आणि दोलनाचे भवितव्य

अवकल समीकरणाची उकल दोलायमान आहे की नाही, हे ठरवताना एकच गोष्ट पाहतात: काळ कितीही पुढे सरकला तरी ती पुन्हापुन्हा शून्यातून जाते का. झोका किती मोठा, आवर्तन नियमित आहे का, हे प्रश्न इथे गौण. शार्ल स्टुर्म याने १८३६ मध्ये रेषीय समीकरणांबाबत दाखवून दिले की, उकलीचे सूत्र हाती नसतानाही तिच्या शून्यांबद्दल बरेच काही सांगता येते. अरेषीय समीकरणांची सूत्ररूप उकल बहुधा मिळतच नाही, त्यामुळे तिथे या विचाराचे मोल अधिक.

क्ष हे विस्थापन आणि ट हा काळ मानून क्ष″ + क्ष³ = ० हे समीकरण घ्यावे. विस्थापनाच्या घनाच्या प्रमाणात मागे खेचणारी ही स्प्रिंग आहे. क्ष = ० ही स्थिर अवस्था सोडली तर हिची प्रत्येक उकल दोलायमान असते. स्प्रिंगची ताकद काळानुसार बदलत असेल, म्हणजे क्ष³ ला प(ट) हा धन गुणक असेल, तर काय होते? एफ. व्ही. ॲटकिन्सन यांनी १९५५ मध्ये याचा निर्णायक निकष दिला: ट × प(ट) याचे अनंतापर्यंतचे संकल अनंत असेल तर, आणि तरच, सर्व उकली दोलायमान असतात.

उजव्या बाजूला शून्याऐवजी बाह्य बल आले की ही खात्री ढळते. बल कायम १ असेल तर क्ष = १ ही अचल उकल मिळते; यात नवल नाही. नवल पुढे आहे. बल ३/ट³ घेतले तर ते झपाट्याने शून्याकडे जाते, तरीही क्ष = १/ट ही उकल समीकरणात चपखल बसते आणि ती कधीच शून्य होत नाही. बल विरत गेले म्हणजे दोलन आपोआप टिकेल, हा समज यामुळे कोसळतो. बलाच्या आकाराइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याच्या चिन्हाला आहे.

ए. जी. कार्टसाटोस यांनी १९७१ च्या सुमारास नेमका हाच धागा पकडला. ज्याचे द्वितीय अवकलज म्हणजे हे बल, असे फलन ह शोधायचे. ह स्वतः चिन्ह बदलत शून्याकडे जात असेल, तर ॲटकिन्सनच्या अटीखाली दोलन टिकते. युक्तिवाद देखणा आहे. समजा, एखादी उकल कायमची धन राहिली. मग क्ष − ह चा आलेख सतत खाली वाकतो. तो एकदा उतरू लागला की ऋण अनंताकडे जाईल आणि क्ष ला सोबत नेईल. म्हणून तो उतरत नाही. तो कायम ऋण वा शून्यही राहू शकत नाही, कारण मग ह नेहमीच धन असावे लागेल. उरतो एकच पर्याय: तो धन आणि न घटणारा असणे. पण मग ह नगण्य होते आणि बलविरहित समीकरणातील विरोधच पुन्हा उभा राहतो. ऋण उकलीलाही हाच तर्क लागू पडतो.

बल विरतच नसेल तर कालखंडाकालखंडाने विचार करावा लागतो. रेषीय समीकरणासाठी असा निकष एम. ए. एल-सय्यद यांनी १९९३ मध्ये मांडला. घनाच्या समीकरणात त्यातून अनपेक्षित निष्कर्ष निघतो. बल ऋण असलेल्या खंडात धन उकल लहान असेल तर स्प्रिंग दुबळी पडते, पण तेव्हा बलच तिला खाली ढकलते. उकल मोठी असेल तर घन तिला खेचतो. दोहोंची बेरीज आणि विस्थापन यांचे गुणोत्तर म्हणूनच एका मर्यादेखाली जात नाही, आणि बल वाढले की ती मर्यादाही वाढते. क्ष″ + क्ष³ = अ ज्या(ट) या समीकरणात अ हा १ किंवा त्याहून कितीही मोठा घेतला, तरी प्रत्येक उकल दोलायमानच राहते.