अकराव्या तासाचा कामकरी

ज्या घरात बुद्धीची वाढ मंद असलेले मूल जन्मास येते, त्या घरातील आईबापांना एक प्रश्न जन्मभर सोडत नाही : आपल्यानंतर याचे काय? मूल लहान असते तेव्हा औषधे, शाळा, नवससायास यांच्या गडबडीत तो मागे पडतो. परंतु सत्तरीचा बाप चाळिशीच्या मुलाची दाढी करून देऊ लागतो, तेव्हा तो टाळता येत नाही. हा प्रश्न वरवर पाहता खाजगी वाटतो. शेजारी हळहळतात, मंडळीत प्रार्थना होते, आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः हा प्रश्न शासनाला, आणि शासनास निवडून देणाऱ्या आपणा सर्वांना विचारलेला आहे. त्याचे उत्तर आपण दरवर्षी अंदाजपत्रकातून देतही असतो. मात्र ते वाचण्याची तसदी आपण घेत नाही.

जबलपूरचा कारभार 1956 पर्यंत नागपूरहून चालत असे. त्यामुळे दीक्षितपुऱ्यासारख्या तेथील जुन्या वस्तीत मराठी बोलणारे घर भेटणे नवलाचे नाही. कोणी कचेरीत लागले, कोणी रेल्वेत, कोणी गन कॅरेज फॅक्टरीत किंवा खमरियाच्या आयुध कारखान्यात. कोणी लहानसे दुकान थाटले. अशा एखाद्या गल्लीत समोरासमोरची दोन घरे वाचकांनी क्षणभर कल्पावीत. एका घरातील वडील कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर; दुसऱ्या घरातील वडील वह्यापुस्तकांचे दुकानदार. दोघांनाही एकेक मुलगा, दोघेही चाळिशीचे, दोघांनाही पैसे मोजता येत नाहीत की एकट्याने बाजारात जाता येत नाही. दोघांची अवस्था सारखी. परंतु भवितव्य सारखे नाही.

केंद्र शासनाच्या जुन्या निवृत्तिवेतन नियमांनुसार सेवकाच्या मृत्यूनंतर त्याच्या अपत्यास मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन वयाच्या पंचविसाव्या वर्षी थांबते. परंतु जे अपत्य शारीरिक वा बौद्धिक अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नाही, त्यास ते आयुष्यभर मिळू शकते, आणि पालकाच्या हस्ते दिले जाते. 2016 पासून या वेतनाची किमान रक्कम दरमहा 9,000 रुपये आहे. फिटरच्या मुलास हा आधार आहे. दुकानदाराच्या मुलाचे काय? केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय विकलांग निवृत्तिवेतन योजनेची रक्कम 2012 साली दरमहा 300 रुपये ठरली, आणि दहा वर्षे उलटली तरी ती तेवढीच राहिली. मध्य प्रदेश शासनाने 2019 साली आपल्या सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाची रक्कम 300 वरून 600 रुपये केली. म्हणजे दिवसाला वीस रुपये.

केंद्राच्या योजनेस आणखी अटी आहेत. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे, वय 18 ते 79 असावे आणि अपंगत्व किमान 80 टक्के असावे. आता प्रमाणपत्र देण्याच्या शासकीय पद्धतीत मध्यम स्वरूपाच्या बौद्धिक अक्षमतेचे माप 75 टक्के धरलेले आहे. जो माणूस एकट्याने गावास जाऊ शकत नाही, हिशेब करू शकत नाही, ज्याच्यावर सतत कोणाची तरी नजर असावी लागते, असे कित्येकजण या मापाने त्या पाच टक्क्यांसाठी दाराबाहेर राहतात. तेव्हा दुकानदार दरिद्री असला तरी त्याच्या मुलास केंद्राचे हे तीनशे रुपयेही मिळतीलच असे नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. फिटरच्या मुलास मिळणारे वेतन ही देणगी नव्हे. ते बापाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेचे फळ आहे. दुकानदाराने शासनाची सेवा केली नाही. हे खरे. परंतु नियमाचा बारकाईने विचार करावा. फिटरच्या धडधाकट मुलाचा हक्क पंचविसाव्या वर्षी संपतो, आणि अपंग मुलाचा संपत नाही. बापाची सेवा तर दोघांच्या बाबतीत एकच! मग भेद कशामुळे झाला? मुलाच्या गरजेमुळे. म्हणजे काही मुलांची गरज पंचविसाव्या वर्षी सरत नाही, ती जन्मभराची असते, आणि ती तीनशे रुपयांत भागत नाही, हे शासनास ठाऊक आहे. आपल्या सेवकांपुरते ते त्याने मान्यही केले आहे. जे एका घराच्या बाबतीत सत्य म्हणून स्वीकारले, ते समोरच्या घराच्या बाबतीत असत्य कसे ठरेल?

या विषयावर आपल्या देशात कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. 1995 साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग यांचा कायदा केला, व तो 7 फेब्रुवारी 1996 पासून अंमलात आला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांमध्ये मतिमंदत्वाचा समावेश होता आणि अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद होती. परंतु शासकीय नोकऱ्यांतील तीन टक्के राखीव जागा अंध, कर्णबधिर आणि हातापायांचे अपंगत्व किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या व्यक्तींसाठी होत्या. मतिमंदांसाठी एकही नव्हती. 1999 साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हा न्यास स्थापन झाला आणि केंद्र शासनाने त्यास 100 कोटी रुपयांचा एकरकमी निधी दिला. आईबापांच्या पश्चात पालक नेमण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समिती असावी, तीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असावी, अशी योजना झाली. 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला संमती दिली. त्यानंतर आलेला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. राखीव जागा चार टक्के झाल्या. त्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांनी मिळून वाटून घ्यावयाचा आहे.

‘मतिमंद’ हा शब्द जाऊन ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आला. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्दांनी माणसाचा मान राखला जातो, म्हणून त्यांचे मोल कमी लेखू नये. तथापि एक शब्दसमूह 1995 च्या कायद्यात होता आणि 2016 च्या कायद्यातही टिकून राहिला. पुनर्वसनाविषयी आणि सामाजिक सुरक्षेविषयी शासनाचे कर्तव्य सांगताना कायदा म्हणतो की, हे सर्व शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत करावे. 2016 च्या कायद्याचे चोविसावे कलम दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक साहाय्य द्यावे असेही सांगते. परंतु मूळ रक्कम अल्प असेल तर तिचे पंचवीस टक्के अल्पच राहणार.

या मर्यादेच्या बाजूने जे बोलता येते ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. शासनाची तिजोरी अमर्याद नाही. 2011 च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या 2 कोटी 68 लाख भरली. त्यांत मतिमंद म्हणून नोंदलेले सुमारे 15 लाख होते. एकट्या मध्य प्रदेशात अपंगांची संख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. एकास दिलेला रुपया दुसऱ्याच्या दवाखान्यातून, तिसऱ्याच्या शाळेतून येतो. जे देणे शक्य नाही त्याचे वचन देणे ही फसवणूक होय, आणि फसव्या वचनापेक्षा मर्यादेची कबुली बरी. हा युक्तिवाद पोकळ नाही. घर चालविणारी प्रत्येक गृहिणी तो जाणते.

परंतु तीच गृहिणी आणखीही एक गोष्ट जाणते. घरात पीठ कमी असले तर कोणाच्या ताटात आधी वाढावयाचे, हे पिठाचा डबा सांगत नाही. ते वाढणारीच ठरविते. आर्थिक क्षमता ही तिजोरीत मोजून सापडणारी वस्तू नव्हे. ती क्रम लावल्यानंतर उरलेली बाकी आहे. ज्यांचा क्रम आधी लागतो त्यांच्या बाबतीत क्षमता नेहमीच असते, आणि ज्यांचा शेवटी लागतो त्यांच्या बाबतीत ती नेहमीच संपलेली असते. आणि शेवटी कोणाचा क्रम लागतो? जो मोर्चा काढू शकत नाही, निवेदन लिहू शकत नाही, आपले दुःख शब्दांत सांगू शकत नाही, त्याचा. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस इतर अपंगांहूनही मागे राहिला याचे कारण येथे आहे.

शिवाय, खर्च टाळल्याने तो नाहीसा होत नाही. दुसऱ्या कोणावर तरी तो पडतो. याचे दारुण उदाहरण महाराष्ट्राने 1994 साली पाहिले. शिरूर येथील शासकीय संस्थेतील काही मतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळात त्या मुलींना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण सांगण्यात आले. जनतेतून तीव्र निषेध झाल्यावर तो प्रकार थांबला. या कारणाचा अर्थ काय होतो? मुलीस हळूहळू शिकविणारी, तिच्याजवळ बसणारी, न किळसता तिचे कपडे बदलणारी सेविका नेमावयाची तर दरमहा पगार द्यावा लागतो. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच. शल्यविशारदांच्या अंतःकरणात काय होते याचा न्याय आपण करू नये. पण जो खर्च अंदाजपत्रकाने उचलला नाही, तो त्या मुलींच्या शरीरांनी उचलला, हे नाकारता येत नाही. घरात राहणाऱ्या अपंगाच्या बाबतीत तोच खर्च आई उचलते. ती नोकरी सोडते, माहेरच्या लग्नास जात नाही, आजारी पडण्यासही धजत नाही. तिच्या या श्रमांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही, म्हणून राज्य स्वस्तात चालल्यासारखे दिसते.

काही सहृदय माणसे या खर्चाचे समर्थन निराळ्या रीतीने करतात. ते म्हणतात, या मुलांना शिक्षण द्या, ती मेणबत्त्या करतील, पाकिटे तयार करतील, कमावती होतील. हा खर्च नसून गुंतवणूक आहे. अनेक मुलांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि त्यांना काम न देणे हा अन्याय आहे. तरीही हा युक्तिवाद आपण सावधगिरीने वापरावा. कारण जो कधीच कमावणार नाही, ज्यास घासही भरवावा लागतो, त्याचा हक्क मग कशावर उभा राहील? परताव्याच्या आशेवर दिलेला हक्क परतावा नसेल तेथे कोसळतो.

येथे आपल्या प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आठवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तो मालक दिवस मावळण्यास एक तास उरला असता बाजारात उभ्या असलेल्या माणसांना विचारतो की, तुम्ही येथे रिकामे का उभे आहात? त्यांचे उत्तर आळशाचे नाही. त्यांना कोणी कामावर लावलेलेच नव्हते. मालक त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. परंतु त्यांच्या ठरल्या मजुरीतून एक पैसाही कमी झालेला नसतो. हा दाखला देवाच्या राज्याविषयी आहे; राज्यशासनाचे अर्थशास्त्र त्यातून जसेच्या तसे काढता येणार नाही, हे मान्य. पण मजुरी ठरविताना त्या मालकाने काय पाहिले हे आपणास पाहता येते. अकराव्या तासाच्या कामकऱ्याच्या घरीही पूर्ण दिवसाचीच भूक होती. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस आपल्या समाजाच्या बाजारात असाच उभा आहे. कोणी त्यास कामावर लावले नाही, आणि म्हणून त्याचा दिवस तासाभराचा झाला नाही.

मग मंडळीने काय करावे? आपल्या मिशनऱ्यांनी व भगिनींनी या लोकांसाठी आश्रम व शाळा काढल्या. त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. परंतु दयेचे कार्य हे शासनाच्या कर्तव्यास पर्याय ठरू नये. दान घेणाऱ्यास कृतज्ञ राहावे लागते, आणि दात्याचे मन बदलले तर ते थांबते. हक्क तसा नसतो. उलट, सर्व काही शासनावर टाकूनही चालणार नाही. कायदा निवृत्तिवेतन देऊ शकतो. मित्र देऊ शकत नाही. कायदा पालक नेमू शकतो. रविवारी उपासनेत कोणी मोठ्याने ओरडले तर मागे वळून न पाहण्याचे सौजन्य तो शिकवू शकत नाही. जे मोजता येते ते शासनाचे देणे, आणि जे मोजता येत नाही ते आपले, अशी ढोबळ विभागणी करता येईल. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून आपले देणे चुकवू नये.

आपले देणे फार अवघड नाही. मंडळीत असे कुटुंब असेल तर त्याचे प्रमाणपत्र झाले आहे काय, न्यासाच्या निरामय आरोग्यविमा योजनेत नाव घातले आहे काय, पालकत्वासाठी जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज गेला आहे काय, याची चौकशी शिकलेल्या तरुणांनी करावी. वृद्ध आईबापांना कचेरीच्या पायऱ्या एकट्याने चढाव्या लागू नयेत. मत मागण्यास येणाऱ्या उमेदवारास रस्ता व नळ यांबरोबर हेही विचारावे की, 300 रुपयांत माणूस महिनाभर कसा जगतो. आणि निर्णय घेताना त्या व्यक्तीसही विचारावे. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने चंडीगढच्या शासकीय आश्रयगृहातील एका सौम्य मतिमंदत्व असलेल्या, गर्भवती तरुणीच्या प्रकरणात, मूल जन्मास घालण्याची तिची इच्छा मोडून शासनास गर्भपात करविता येणार नाही असा निर्णय दिला. जिच्याविषयी सारे बोलत होते, तिचा शब्द अखेर मानला गेला.

शासनाची क्षमता वाढेल तेव्हा वाढो. क्रम लावण्याचे काम मात्र आजच्या तिजोरीतही करता येते. समोरासमोरच्या त्या दोन घरांतील दोन मुलांपैकी एकाची गरज राष्ट्राने ओळखली आहे. दुसऱ्याची ओळखण्यास नवे ज्ञान लागणार नाही. रस्ता ओलांडण्याची तयारी पुरेशी आहे.