पडण्याची तालीम

ज्यूदोच्या वर्गात नव्या मुलाला सुरुवातीला कुणाला पाडायला शिकवत नाहीत. त्याला पडायला शिकवतात. मागे, कडेला, पुढे कोलांटी घेऊन. हनुवटी छातीशी, डोकं जमिनीपासून वर आणि अंग टेकण्याच्या क्षणी अख्खा हात सपाट आपटायचा, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. जपानीत याला ‘उकेमी’ म्हणतात. मुलं कंटाळतात. आईबापांनाही प्रश्न पडतो की फी नेमकी कशाची भरली.

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला पैलवान हे पाहून चक्रावेल. त्याच्या लाल मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. ‘चितपट’ हा शब्द आखाड्याबाहेरही हरल्याचाच अर्थ घेऊन फिरतो. मात्र पडणाऱ्याची काळजी तिथेही घेतलेली असते. हौद्यातली माती खणून मऊ ठेवतात; तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात. तालमीने पडण्याची सोय मातीत केली, ज्यूदोने पडणाऱ्याच्या अंगात.

ही सोय ज्यूदोचा पाया झाली ती जिगोरो कानोंमुळे. 1882 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा सुरू केली: कोदोकान. शाळकरी वयात ते किरकोळ अंगाचे, दांडग्या पोरांचा मार खाणारे. पुढे जुजुत्सू या जपानी युद्धकलेच्या दोन जुन्या घराण्यांत शिकले. मोकळ्या लढतीच्या सरावातून त्यांनी जीवघेणे डाव बाजूला काढले. कारण अगदी व्यवहारी होतं. जो डाव पूर्ण जोर लावून करता येत नाही, त्याचा सराव लुटुपुटूचाच राहतो. धोका काढला की जोर लावता येतो. आणि नावातला ‘जुत्सू’ म्हणजे कसब, त्याच्या जागी त्यांनी ‘दो’ आणला. दो म्हणजे मार्ग.

मार्ग म्हटला की तो कुठे जातो, हे विचारावंच लागतं.

सर्वांत लोकप्रिय उत्तर आहे एकाग्रता. ऑयगेन हेरिगेल हा जर्मन तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक 1924 ते 1929 या काळात सेंडाईच्या विद्यापीठात शिकवत होता. तिथे तो केन्झो आवा यांच्याकडे धनुर्विद्या शिकला आणि 1948 मध्ये त्याचं झेन आणि धनुर्विद्येवरचं छोटं पुस्तक आलं. ‘मी’ गळून पडला की बाण आपोआप सुटतो, हा त्याचा गाभा. पुस्तक जगभर वाचलं गेलं. ते आवडीने वाचणाऱ्यांना सहसा माहीत नसतं ते हे, की हाच हेरिगेल 1937 मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता आणि पुढे एर्लांगेन विद्यापीठाचा कुलगुरूही. धनुर्विद्येच्या साधनेने त्याला त्या दारात अडवलं नाही.

आपल्याकडे तर हे महाभारतातच दिसतं. पक्ष्याचा डोळा तेवढा पाहणारा अर्जुन ज्या द्रोणांच्या हाताखाली तयार झाला, त्यांच्याच हाताखाली कौरवही झाले. दुर्योधन गदेत बलरामाचा लाडका शिष्य होता आणि मेहनतीत भीमाला हार जाणारा नव्हता. एकलव्याच्या एकाग्रतेबद्दल तर कुणालाच शंका नव्हती. गुरूने मागितला तो अंगठा. एकाग्रता सुरीला धार लावते. सुरी भाजीवर चालेल की गळ्यावर, हा प्रश्न ती विचारत नाही. व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत सामुराईंच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.

कानोंनी 1922 मध्ये आपल्या विद्येचा सारांश दोन सूत्रांत मांडला. पहिलं, शक्तीचा उत्तम वापर. हे कार्यालयांना फार आवडतं. दुसरं, आपलं आणि दुसऱ्याचं मिळून भलं. हे भाषणात येतं आणि तिथेच राहतं. वास्तविक चटईवर पहिलं सूत्र दुसऱ्यावाचून चालतच नाही. सरावाला जोडीदार लागतो आणि उद्याही तो धडधाकट यायला हवा. म्हणून चांगला ज्यूदोपटू समोरच्याला उचलून आपटताना त्याची बाही सोडत नाही. शेवटच्या क्षणी ती किंचित वर खेचतो, म्हणजे पडणारा डोक्यावर न जाता कुशीवर जातो. गळा आवळलेला असताना जोडीदाराने दोनदा थाप मारली की पकड सुटलीच पाहिजे. सरावात तिथे पंच नसतो. थापेवरचा विश्वास तेवढा असतो.

आखाड्यातून घरी आणि कामावर काही नेता येत असेल तर ते हेच असावं. नवशिक्या वार्ताहराची बातमी संपादक फाडतो तेव्हा, शिकाऊ डॉक्टरची चूक वरिष्ठ सर्वांसमोर दाखवतात तेव्हा, पाडणं कधीकधी गरजेचंच असतं. प्रश्न बाहीचा असतो.

बाही धरणं ही काही जपानची मक्तेदारी नव्हे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात तिसरे आले. सुवर्ण मिळवलं शोहाची इशीई यांनी, जे आधी ज्यूदो खेळत आणि युद्धानंतर कुस्तीकडे वळले. खाशाबांच्या प्रवासाला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. प्राचार्यांनी लंगोट कधी कसला होता की नाही कोण जाणे! दुसरं सूत्र मात्र त्यांना पाठ होतं. खाशाबा 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो त्यानंतरच.

कानो 1938 मध्येच वारले होते. 1964 साली ज्यूदो प्रथम ऑलिंपिकमध्ये आला, तोही टोकियोतच. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या धिप्पाड अँटन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला चटईवर दाबून धरलं आणि घरच्या प्रेक्षकांसमोर हरवलं. सभागृह सुन्न झालं. आनंदाने वेडे झालेले काही डच पाठीराखे चटईकडे धावले. गेसिंकने हात उगारून त्यांना अडवलं. मग दोघे आपापल्या जागी उभे राहिले आणि एकमेकांसमोर वाकले.